मिक्स जातीची अंडी उबवताय? मग या चुका टाळा

एका मापाची, एकाच जातीची अंडी असली की २१ दिवसांचा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. पण घरच्या कोंबड्यांत बँटम (छोट्या चणीची) आहे, जड अंगाची आहे, क्रॉस आहे, आणि सगळ्यांची अंडी उबवायच्या एकाच मशीनमध्ये टाकली की ती एका वेळी निघत नाहीत. बँटमची पिल्लं बऱ्याचदा १९व्या-२०व्या दिवशीच बाहेर येतात, जड जातीची मागे राहतात. लोक काय करतात, पहिली पिल्लं दिसली रे दिसली की झाकण उघडून काढायला लागतात आणि तिथेच उरलेल्यांचा घात होतो, कारण आतली ओल एका क्षणात जाते आणि चोच मारलेल्या अंड्यातली पातळ त्वचा वाळून पिल्लाला चिकटते. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर २४ तास आरामात राहतं हो, राहू द्या त्याला आत. चोच मारल्यावर पूर्ण बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, तेव्हा कवच सोलून "मदत" पण नको, रक्तवाहिन्या अजून चालू असतात.

टेंपरेचरमध्ये पण मापाचा फरक पडतो. फॅनवाल्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस ठेवा, विषय संपला. बिनफॅनच्या मशीनमध्ये मात्र वर गरम आणि खाली थंड असतं, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या टोकाच्या लेव्हलला लावून तिथे साधारण ३८.५ ठेवायचं. लहान अंडी मोठ्यांच्या मधे खाली दबली की त्यांना ऊब कमी मिळते, त्यामुळे एका खेपेला जवळपास सारख्या मापाचीच अंडी लावलेली बरी.

ह्युमिडिटी पहिले १८ दिवस ४५-५० टक्के, मग अंडी फिरवणं बंद आणि ६५-७०. सुरुवातीपासूनच पाणी जास्त ठेवलं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी आतच गुदमरतं. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यात टॉर्चने सातव्या दिवशी काही दिसत नाही, म्हणून लगेच फेकून देऊ नका, चौदाव्या दिवशी परत बघा.

बाप कोणता हे नक्की हवं असेल तर कोंबडा बदलल्या बदलल्या अंडी गोळा करू नका, आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

आता खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. तिच्याखाली ठेवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, ती न करण्याची चूक मला सगळ्यात जास्त खटकते. दुसऱ्या कोंबड्या तिच्याच खुराड्यात येऊन अंडी घालतात, खुडूक कोंबडी ती पण पोटाखाली घेऊन बसते, मग पहिली पिल्लं चालायला लागली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागची अर्धी वाढलेली अंडी गार पडून मरतात. बिनखुणेचं अंडं रोज काढून टाका. ती दिवसातून एकदा १५-२० मिनिटं खायला उठली तर घाबरू नका. पण बसवण्याआधी अंगावर पिसवा-गोचीड नाहीत ना ते बघाच, चावे सहन झाले नाहीत तर कोंबडी अंडी सोडून देते.

मशीनची पिल्लं तिच्याकडे द्यायची असतील तर तिची स्वतःची निघाली त्याच एक-दोन दिवसांत, रात्री अंधारात, पंखाखाली सरकवा. दिवसाढवळ्या मोठी झालेली पिल्लं सोडली तर टोचून मारते. सकाळी उजाडताच जाऊन बघा, एखाद्याला टोचत असेल तर ते लगेच वेगळं काढा.