लॅपटॉप घ्यावा का, आणि घ्यायचाच तर किती खर्चावा?

पीयूसीचा (कर्नाटकातली अकरावी-बारावी) किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत हा विषय निघतो. मुलांना लॅपटॉप हवा असतो, घरच्यांना आकडा. दुकानाची पायरी चढण्याआधी खालच्या क्रमाने जा.

1. आधी काम कागदावर लिहा

'अभ्यासासाठी' एवढ्यावर भागत नाही. कोणते सॉफ्टवेअर, रोज किती तास, कुठे बसून, हे लिहा. पीयूसीच्या दोन वर्षांत मोबाईल किंवा टॅबवर काम भागते. ते पैसे बाजूला ठेवलेत तर पुढे त्याच रकमेत नव्या पिढीचे मशिन येते. बीकॉमला टॅली आणि एक्सेल येईपर्यंत घाई नको.

इंजिनिअरिंगचे शाखेवर अवलंबून आहे. सी, पायथन, जावा यांना साधा लॅपटॉप पुरतो. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरला त्रिमितीय मॉडेल करावे लागले की वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजांत लॅब असते, त्यामुळे पहिली सेमिस्टर निघू द्या, त्याच शाखेच्या सीनियर मुलांना विचारा आणि मग खरेदी करा. प्रवेशाच्या आठवड्यात गडबडीत घेतलेले मशिन पुष्कळदा शाखेला जुळत नाही.

झेरॉक्सचे दुकान, ग्राम वन केंद्र (गावातले सरकारी सेवांचे केंद्र) किंवा हिशेबाचे टेबल असेल तर लॅपटॉप घेऊच नका. मशिन जागचे हलणार नसेल तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो आणि कीबोर्ड बिघडला तर पाच-सातशेत नवा येतो. त्याला 600 व्हीएचा यूपीएस जोडा. लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करून मशिन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.

2. रकमेची मर्यादा ठरवा, मॉडेलची नव्हे

2025 च्या अखेरीपासून रॅमच्या चिपा महागल्याने लॅपटॉपच्या किमती चढत आहेत, म्हणून हे आकडे ढोबळ धरा. टायपिंग, इंटरनेट, टॅलीसाठी 35 ते 45 हजार. चार वर्षे चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगसाठी 45 ते 60 हजार. ग्राफिक्स कार्डवाला 65 हजारांच्या पुढे. पंचवीस हजारांच्या आतला नवा सेलेरॉनवाला (इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरचा) लॅपटॉप मात्र सोडून द्या. त्यातल्या एन4020 प्रोसेसरला दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असतात, वर अनेकदा 64 किंवा 128 जीबीचे ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू चालणारे स्टोरेज. विंडोजच्या एकेका अपडेटला ते धापा टाकते.

3. प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा

सर्वांत जास्त फसगत इथे होते. स्टिकरवर नुसते 'रायझन 5' (एएमडी कंपनीचा) किंवा 'आय5' (इंटेलचा) असते आणि दुकानातही तेवढेच सांगतात. पूर्ण नंबर मागा. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू हे नंबर कानाला सारखेच वाटतात. पण रायझनच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो: 7520 मध्ये तो 2, म्हणजे झेन 2 ही जुनी रचना, आणि कोअर चार, 7530 मध्ये 3, म्हणजे झेन 3, आणि कोअर सहा. शिवाय 7520यूची रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. दोघांत तीन-चार हजारांचाच फरक असेल तर डोळे मिटून 7530 घ्या.

इंटेलमध्ये आय3-1215यू साध्या कामाला भरपूर होतो.

4. रॅम आणि एसएसडी

आज 8 जीबी ही किमान पायरी आहे आणि चार वर्षे काढायची असतील तर 16 जीबी. आत्ता 8 वर भागवायचे असेल तर रिकामा स्लॉट असलेलेच मशिन घ्या. स्टोरेज 512 जीबी एसएसडी. फिरती हार्ड डिस्क मुख्य ड्राइव्ह म्हणून नकोच.

5. काउंटरवर सुरू करून बघा

डेमो पीस चालू असतो. त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा. खाली 'फॉर्म फॅक्टर' अशी ओळ दिसते. त्यापुढे 'एसओ-डिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डाला चिकटलेली. तिथेच किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. 'सीपीयू'वर गेलात की प्रोसेसरचा पूर्ण नंबर वर लिहिलेला असतो. दोन मिनिटांत सगळे कळते.

मग स्क्रीन हळूहळू मागे झुकवा आणि बाजूने बघा. रंग उलटे किंवा काळपट झाले तर पॅनेल टीएन या स्वस्त प्रकारचे आहे, बाजूनेही नीट दिसणारे आयपीएस मागा. स्क्रीनचा उजेड 250 निट्सचा (निट हे उजेडाचे माप) असेल तर दिवसा पडवीत बसून वाचता येणार नाही, 300 च्या पुढचा बघा.

6. जुना घ्यायचा असेल तर

वीस-पंचवीस हजारांत नव्या सेलेरॉनपेक्षा कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड टी480, लॅटिट्यूड 5490 किंवा एलिटबुक 840 जी5 हे जुने लॅपटॉप कितीतरी चांगले. अट एकच: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. आय5-7200यूला दोन कोअर, आय5-8250यूला चार. विंडोज 11 ची अधिकृत यादीही साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सातव्या पिढीचे मशिन स्वस्तात पुढे करतात ते याचमुळे.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, तिरकी रेघ आणि लागून 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा. तयार होणाऱ्या फाईलमध्ये मूळ क्षमता 50,000 आणि आताची 30,000 दिसली तर बॅटरी साठ टक्क्यांवर आली. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून विंडोज रीसेट करून घ्या आणि सेटअपच्या वेळी आपल्या मोबाईलचे हॉटस्पॉट जोडा. पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिथला लॉगिन मागितला तर ते मशिन अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेले आहे. कितीही स्वस्त असो, परत करा.

7. बेळगाव की कोल्हापूर?

निपाणी, संकेश्वरकडच्यांना कोल्हापूर जवळ. जीएसटी दोन्हीकडे 18 टक्केच, त्यामुळे करात काही वाचत नाही. व्यवसायासाठी घेत असाल तर मात्र जपा. कर्नाटकातला जीएसटी नंबर बिल करण्याआधीच द्या आणि बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) लागला आहे ना ते पाहा. सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लावलेल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, कर्नाटकातल्या नोंदणीवर मिळत नाही. पन्नास हजारांच्या बिलात हा कर 7,627 रुपये होतो.

वॉरंटी 'ऑनसाइट' आहे असे सांगितले तरी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून खात्री करा, खानापूरचा 591302, निपाणीचा 591237. तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा नसेल तर मशिन घेऊन शहरात जावे लागते. तो हेलपाटा किमतीत धरा. अनुक्रमांक टाकून वॉरंटीची तारीखही पाहा. दुकानात पडून राहिलेल्या मशिनची वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसू शकते. बिलाची प्रत पाठवून ती दुरुस्त करून घ्या.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दिलेली असते. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. रोखीने किती कमी करता, हे आधी विचारा.

8. घरी आणल्यावर

तीन पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून दोन पिनांत घालू नका. अर्थिंग नसले की धातूच्या बॉडीला हात लावताना झिणझिण्या येतात. वळवाचा गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा. लाईट गेली तरी प्लग काढून ठेवा आणि ती आल्यावर पाच मिनिटे थांबून मग लावा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसाचा डेटा एका दमात संपवतात.

शेवटी कीबोर्ड. घरी मराठी, ऑफिसात कन्नड, दोन्ही लागतात. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी आणि कन्नड या भाषा जोडून दोन्हींचा 'फोनेटिक' (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड निवडा. मग विंडोजचे बटण धरून स्पेस दाबली की एका भाषेतून दुसरीत जाता येते. नुडी (कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर) किंवा श्रीलिपी (भारतीय भाषांच्या टायपिंगचे) यांतल्या जुन्या फाईली हाताळायच्या असतील तर विंडोजचेच मशिन घ्या आणि त्यांचे फॉन्ट पहिल्याच दिवशी टाकून, एक जुनी फाईल उघडून बघा.