"घरी सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्नच नाही

घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना ओळखून मदत कशी करायची, याच्या प्रशिक्षणातल्या पहिल्याच रोल-प्लेमध्ये मी सपशेल नापास झाले. समोरची मैत्रीण गरोदर बाई झाली होती. मी फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "हो." मी टिक केली आणि बीपीकडे वळले. मॅडमनी तिथंच थांबवलं. "उत्तर तूच तिच्या तोंडात घातलंस," म्हणाल्या. सहा वर्षं बाळंतपणं केली होती मी, त्यामुळे राग आला. रात्री झोप लागेना. अशा किती टिक-खुणा केल्या असतील, तेच आठवत राहिलं.

नव्यानं हे शिकणाऱ्या मिडवाइफना सांगायचं म्हणजे, यातली माहिती अवघड नाही. आमचं प्रशिक्षण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या पुस्तिकेवर आधारलेलं होतं. तिचं सूत्र पाच गोष्टींचं: ऐकणं, विचारपूस करणं, तिच्यावर विश्वास आहे हे जाणवून देणं, तिची सुरक्षितता वाढवणं आणि पुढची मदत जोडून देणं. पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. त्यातलं पहिलं अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. आपल्याला सवय असते हातानं काहीतरी करायची. टाका घालणं, सलाईन लावणं. नुसतं बसून ऐकणं म्हणजे काम टाळल्यासारखं वाटतं.

जगात साधारण तीनपैकी एका बाईला आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागते. गरोदरपणात हे थांबतंच असं नाही. आणि गरोदर बाई आपल्याकडे महिनोन्‌महिने येत राहते, आपली संधी तीच. नाव उशिरा नोंदवणं, तपासण्या बुडवणं, कारण न सापडणारं पोटदुखणं, रक्तस्राव, खचलेलं मन, पोटावर किंवा छातीवर मार आणि त्याची न जुळणारी हकिगत, अशा वेळी विचारायलाच हवं. फक्त आधी दोन गोष्टी तपासा: बोलायला आडोशाची जागा आहे का, आणि "हो" आल्यावर पाठवायचं कुठं हे माहीत आहे का. ही तयारी नसेल तर विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही गोष्टी कळवणं कायद्यानं बंधनकारक असेल, तर तेही तिनं तोंड उघडण्याआधी सांगा.

माझी पहिली खरी केस. नवरा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देत होता, शेवटची पाळीसुद्धा. मी लघवी तपासायची बाटली तिच्या हातात दिली आणि बरोबर बाथरूमकडे निघाले. तिथं नवरा येऊ शकत नाही. म्हटलं, "बऱ्याच बायकांना घरी मारहाण, धमक्या सोसाव्या लागतात, त्याचा तब्येतीवर परिणाम होतो, म्हणून विचारते. तुम्हाला घरी कुणाची भीती वाटते का?" ती बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती. "नाही," म्हणाली. मी खोदून विचारलं नाही. "बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी मंगळवारी असते." एवढंच.

तिसऱ्या मंगळवारी तिथंच तिनं सांगितलं की त्यानं गळा आवळला होता. गळ्यावर खूण काहीच नव्हती. नव्या मुलींनो, हे लक्षात ठेवा: गळा आवळल्याची खूण बाहेर दिसेलच असं नाही. घोगरा आवाज, गिळताना त्रास याबद्दल मुद्दाम विचारा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. धोक्याचे प्रश्नही त्याच वेळी विचारायचे: सहा महिन्यांत मारहाण वाढली आहे का, हत्यार वापरलं का, तो जीव घेईल असं तुम्हाला वाटतं का.

जिभेवर आलं होतं, "सोडा त्याला." गिळलं. घर सोडण्याची वेळ अनेकदा सगळ्यात धोक्याची असते, आणि तिचा नवरा तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. म्हटलं, "यात तुमची चूक नाही." मग तिला काय हवंय ते विचारलं. तिला कागदपत्रांच्या झेरॉक्स बहिणीकडे ठेवायच्या होत्या आणि मदतीचा नंबर पाठ करायचा होता. पत्रक मी दिलं नाही. पर्समध्ये सापडलं असतं तर?

नोंदीत तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणात लिहा. जखम कुठं, केवढी, कोणत्या रंगाची, तेवढंच. रंगावरून "चार दिवसांची" असा अंदाज करू नका, तो चुकतो. आणि बाईबरोबर घरी जाणाऱ्या कार्डावर यातलं अक्षरही नको.

आणखी एक, प्रशिक्षणात याबद्दल फारसं बोलत नाहीत. वर्गातल्या काहीजणींच्या स्वतःच्या घरी हेच चालू असतं. आमच्यातली एक रोल-प्लेच्या मध्येच उठून गेली होती. आम्हाला वाटलं, कंटाळली.

गळा आवळल्याचं सांगणारी ती बाई त्या दिवशी नवऱ्याबरोबरच घरी गेली. पुढच्या मंगळवारी दोघं आले. मी त्याच्यासमोर लोहाच्या गोळ्यांचं विचारत होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, "सिस्टर, आज लघवी तपासायची नाही का?"