फुटबॉलपटूचा हजेरीपट कसा वाचावा

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हिशोब बघते. राहायला नाशिकला, आडगाव नाक्याकडे. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच की धाकट्या ओमचे चिखलाचे मोजे मी धुते. पण गेल्या पावसाळ्यात मैदानाबाहेर एक गृहस्थ भेटले. पावणेतीन लाखांत ‘युरोपात ट्रायल’ करून देतो म्हणाले आणि मोबाईलवर एका आयरिश खेळाडूच्या क्लबांची यादी दाखवली. “मॅडम, सात देश खेळलाय हा. आपल्या ओमचा रस्ता असाच जाणार.”

यादीची लांबी बघून ओमचे पप्पा गप्पच झाले. मला मात्र आमचा मस्टर, म्हणजे हजेरीपट, आठवला. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. एखाद्या गड्याच्या नावापुढे एका हंगामात सहा मळे लागले, तर तो एक तर इतका कसबी कारागीर असतो की सगळे त्याला ओढतात, नाहीतर कुणाकडेच टिकत नाही. नुसती मळ्यांची नावं वाचून यातलं काही कळत नाही. हजेरी बघावी लागते.

मग रात्री बसून मी त्या खेळाडूची हजेरी काढली. तुमच्या घरातही पोराच्या डोक्यात हे खूळ असेल तर तुम्हीही काढा. एक वही आणि दोन तास पुरतात.

आधी शब्द समजून घ्या. अशा, क्लबामागून क्लब बदलणाऱ्या खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. मी आधी त्याचा अर्थ प्रवासी असा लावला होता, तो चुकला. मुळात तो फ्रेंचमधल्या ‘दिवसभराचं काम’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. म्हणजे आपला रोजंदार. हे कळल्यावर पुढचं सगळं मला सोपं गेलं.

नेटवर विकिपीडियात खेळाडूचं नाव टाकलं की बहुतेक वेळा उजव्या बाजूला एक चौकट येते. वर्षं, क्लब, एक आकडा आणि त्याच्या पुढे कंसात दुसरा. पहिला आकडा सामन्यांचा, कंसातला गोलांचा. हे वहीत उतरवून घ्या. मोबाईलवर बोट सरकवत वाचलेलं डोक्यात राहत नाही. क्लबाच्या नावाआधी बाण असेल तर ती ओळ आत सरकवून लिहा. तो ‘लोन’ आहे. यात पैसे उसने दिलेले नसतात, माणूस उसना दिलेला असतो. आमचा मुकादम दोन गडी शेजारच्या मळ्यावर पाठवतो, पण त्यांची उचल आमच्याच खात्यावर असते, तसंच.

मी घेतलेलं उदाहरण त्याच आयरिश खेळाडूचं, किलियन शेरिडनचं. आयर्लंडमधल्या काउंटी कॅव्हनचा, १९८९ चा जन्म, उंच स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारा. चौकटीत सगळ्यात वर सेल्टिक, २००६ ते २०१०. स्कॉटलंडचा एवढा मोठा क्लब, चार वर्षं! पण आत सरकवलेल्या ओळी वाचा: मदरवेल, प्लिमथ, सेंट जॉन्स्टन. तिन्हीकडे उसना. म्हणजे त्या चार वर्षांतला शेवटचा बराच काळ पोरगा सेल्टिकच्या मस्टरवर होता, पण सेल्टिकच्या मळ्यात नव्हता. वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूला लोनवर पाठवणं वाईट नसतं, उलट खेळायला मिळतं. तीन लोननंतर क्लब त्याला परत घेतो की सोडतो, ते बघायचं. याला सोडलं. २०१० मध्ये तो बल्गेरियात सीएसकेए सोफियाला गेला, आणि तिथूनही पुन्हा सेंट जॉन्स्टनला उसना आला. एकच लोन क्लब दोनदा दिसला तर खूण करून ठेवा. तिथे त्याचं काम आवडलं होतं, एवढं नक्की.

सगळ्यात जास्त फसगत सामन्यांच्या आकड्यात होते. एक तर आमच्या मस्टरवर अर्धा दिवस भरला की ‘अर्धा’ लिहितात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांच्या सामन्यात एकोणनव्वदाव्या मिनिटाला मैदानात उतरला तरी हजेरी पूर्ण लागते. म्हणून शक्य असेल तिथे मिनिटं शोधा. वीस सामने आणि तीनशे मिनिटं असतील तर पोरगा बाकावर बसून होता.

दुसरं, चौकटीतले आकडे फक्त त्या देशाच्या लीगचे असतात. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण तळ कोण वाचतं? शेरिडन २०१३ ते २०१५ सायप्रसच्या अपोएलमध्ये होता. चौकट बघून वाटतं, सायप्रस, म्हणजे काहीतरी किरकोळ. पण २०१४-१५ मध्ये अपोएल चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटात होता आणि गटात समोर बार्सिलोना, पॅरिस सेंट-जर्मेन आणि आयाक्स होते. बार्सिलोनाच्या घरी ते फक्त ०-१ हरले, गोल पिकेचा. असले सहा सामने चौकटीत कुठेच नाहीत. ओमला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझी वही हातात घेतली.

वर्षांची गोम तेवढी अवघड नाही. युरोपात बऱ्याच देशांत हंगाम ऑगस्टला सुरू होऊन मेमध्ये संपतो, म्हणून २०१२-१३ असं जोडवर्ष येतं. आयर्लंडची स्वतःची लीग मात्र २००३ पासून एकाच वर्षात उरकते, आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू होऊन दिवाळीच्या आसपास संपते. त्यामुळे तिथून ऑगस्टमध्ये इंग्लंडला गेलेला खेळाडू अर्धा हंगाम टाकून पळाला असं समजू नका.

मग पैसा. दोन क्लबांमध्ये किती दिले-घेतले हे चौकटीत नसतं, बातम्यांत शोधावं लागतं, आणि रोजंदाराच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर शून्यच असतं. बेल्जियमचा बॉसमन नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयाने ठरवलं की करार संपल्यावर खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात गेला, तर नव्या क्लबाने जुन्या क्लबाला पैसे मोजायची गरज नाही. त्याआधी करार संपला तरी क्लब अडवून धरायचे. उचल फिटली तरी मुकादमाने आधार कार्ड दाबून ठेवावं, तसा प्रकार. आता करार संपला की पिशवी उचलून निघता येतं, पण पुढचा मळा आपला आपणच शोधायचा.

इथे एक ताळा करून बघा. रॉबी कीन, तोही आयरिश. वुल्व्ज, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, सेल्टिक, वेस्ट हॅम, अ‍ॅस्टन व्हिला, लॉस एंजेलिस गॅलक्सी, आणि शेवटी २०१७ मध्ये आपल्या कोलकात्याला एटीके. अकरा नावं झाली. शेरिडनचीही यादी दहाच्या वर जाते. पण कीनला वीस वर्षांचा असताना इंटरने १ कोटी ३० लाख पौंड मोजून नेलं, आणि आयर्लंडकडून तो १४६ सामने खेळून ६८ गोल करून गेला. शेरिडन देशासाठी ३ सामने खेळला. त्या गृहस्थांनी मला नुसती लांबी दाखवली होती.

अनोळखी नावांना हसू मात्र नका. पोलंडमध्ये शेरिडन ज्या यागिएलोनिया क्लबात होता, तो २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ दोनदा लीगमध्ये दुसरा आला. आयर्लंडमधल्या कॉर्कचा रॉय ओ’डोनोव्हन इंग्लंडच्या संडरलँडला गेला तर गोल होईनात, लोनवर लोन. मग ब्रुनेईचा एक क्लब (जो सिंगापूरच्या लीगमध्ये खेळायचा), मग इंडोनेशिया, आणि तिथून ऑस्ट्रेलियात जाऊन तो भरभरून गोल करायला लागला. काही वेली खरड छाटणीनंतरच फुटतात.

चौकटीत पगार नसतो, ही मात्र मोठी उणीव. ‘फिफप्रो’ या खेळाडूंच्या संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंना विचारलं, तेव्हा ४१ टक्क्यांनी आधीच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं. म्हणून एखाद्या क्लबात जेमतेम सहा महिने दिसले की समोर प्रश्नचिन्ह टाका आणि त्या महिन्यांतल्या स्थानिक बातम्या चाळा: दुखापत, कोच बदलला, की पैसे थकले. याला वेळ लागतो. मी शेरिडनच्या तीनच ओळींचं केलं आणि दमले.

आता पोराचं वय. माझ्यासाठी हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरली. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमाने अठरा पूर्ण झाल्याशिवाय परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. काही अपवाद आहेत, पण आई-वडिलांची नोकरी बदलणं वगैरे, आणि तेही फुटबॉलसाठी बदललेली चालत नाही. आयरिश पोरं पूर्वी सोळाव्या वर्षी इंग्लंडला जायची. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यामुळे २०२१ पासून त्यांनाही अठरापर्यंत थांबावं लागतं. समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याला जे मिळत नाही, ते नाशिकच्या पंधरा वर्षांच्या पोराला पावणेतीन लाखांत कसं मिळणार?

एजंटला परवाना लागतो, तो परीक्षा देऊन मिळतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अल्पवयीन मुलासाठी तर पालकांची लेखी संमती आधी लागते. मी त्या गृहस्थांना फोन करून तीनच गोष्टी विचारल्या: परवान्यावरचं नाव, ट्रायल घेणाऱ्या क्लबाचं स्वतःच्या पत्त्यावरून आलेलं पत्र, आणि अठराच्या आत नोंदणी कुठल्या अपवादात बसते. “मॅडम, तुम्ही फार खोलात जाताय,” म्हणाले. मी म्हटलं, मला पगारच त्याचा मिळतो.

वहीच्या मागच्या पानावर आता ओमची ओळ सुरू केलीय. चौदा हजेऱ्या, सातशे दहा मिनिटं, दोन गोल, एक खाडा. खाड्याचं कारण समोर लिहिलंय: मावशीच्या लग्नाला येवल्याला.