फाल्गुनात चोरलच्या खोऱ्यात उतरताय? या चुका टाळा

इंदूरहून चोरल नदीकडे जाताना खंडवा रोडने सिमरोल गाव मागे टाकलं की माळव्याचं पठार संपतं आणि विंध्य खाली कोसळू लागतो. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. पुण्या-नाशिककडच्या पाहुण्यांचा तर हमखास. सह्याद्रीत आधी चढायचं, मग उतरायचं, ही पायांना लागलेली सवय. इथे गाडी लावतो तीच जागा उंचावर असते. सकाळच्या गारव्यात हसतखेळत नदीपर्यंत उतरायचं आणि चढ शिल्लक राहतो तो परतीचा. पाय दमलेले, बाटल्या रिकाम्या, ऊन डोक्यावर, अशा अवस्थेतला. ‘टेकड्याच तर आहेत’ म्हणणारे काका दुपारी एकच्या सुमाराला दर दहा पावलांवर बसतात, त्याचं कारण वय नाही, घड्याळ आहे.

म्हणून पहिली चूक म्हणजे उशीर. इंदुरातल्या छप्पन दुकानांवर, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, पोहे-जलेबी खाऊन निघू, असं ठरलं की आठ वाजलेच म्हणून समजा. पोहे डब्यात घ्या. मार्चच्या मध्यात साडेसहाच्या आसपास उजाडतं, तेव्हा पाऊल पायवाटेवर हवं. परतीचा चढ साडेदहापर्यंत सुरू करा. ते जमलं नाही तर घाईने वर येऊ नका. नदीकाठी सावलीत पडून राहा आणि चार वाजता निघा. साडेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा चढ लांब असेल तर हा दुसरा बेत आखूच नका. बारा ते तीन या वेळात उघड्या उतारावर असणं एवढं मात्र टाळायलाच हवं, कारण पारा तेव्हा 35च्या आसपास असतो आणि काळा खडक खालूनही भाजतो.

हिरवाईचंही तेच. श्रावणातले फोटो पाहून मार्चमध्ये येणारे हिरमुसतात. सागाने पानं टाकलेली असतात, उतार तपकिरी असतो आणि पाताळपाणीचा धबधबा जेमतेम ओला. हिरवा पट्टा उरतो तो नदीच्या दोन्ही काठांना: करंजाची नवी पोपटी पालवी, जांभूळ, अर्जुन. वर मधूनमधून पेटलेला पळस. माझ्या मते हेच या खोऱ्याचं खरं रूप आहे, पावसाळ्यात सगळंच हिरवं असल्यामुळे नदी कुठून जाते तेही कळत नाही. पण हिशोब लक्षात घ्या: सावली फक्त खाली, चढावर नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि त्यातलं अर्धं नदीवर पोहोचेपर्यंत उघडू नका. नदीचं पाणी नितळ दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं बसलेली असतात, ते तसंच पिऊ नये.

पोटरीत गोळा आला, डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर ‘अजून थोडंच राहिलंय’ असं म्हणून चालत राहू नका. सावलीत बसवा, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवा, ओआरएस घोटघोट पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा, अंगावर पाणी ओतत राहा आणि 108ला फोन लावा. खोऱ्यात मोबाइलला रेंज बहुधा नसते, तेव्हा एकाने वर जाऊन फोन करायचा.

वाट चुकणं या दिवसांत सोपं असतं, कारण सागाच्या पानांखाली पायवाटच बुजते. शिवाय बकऱ्यांच्या वाटा दहा दिशांना फुटतात. चुकल्यावर लोक नाल्यात शिरतात: नाला नदीलाच जाणार, हे गणित. जातो खरा, पण या काळ्या बसाल्टच्या पायऱ्या आहेत, नाला मध्येच वीस-तीस फुटांच्या कोरड्या कड्यावर आणून सोडतो. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे या. पहाटे मोहाची फुलं वेचणारे लोक भेटतात. ‘दादा, राम राम’ करून विचारलं तर ते नेमकी वाट दाखवतात. त्यांच्या झाडाखाली झाडून ठेवलेल्या जागेवरून मात्र बूट घालून जाऊ नका.

कुहिलीच्या मखमली तपकिरी शेंगा याच काळात वाळतात. वेल अंगाला घासला की खाज सुटते आणि माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चोळणं. चोळल्याने लव पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा, कपडे वेगळे ठेवा. हाफ पँट घालून आलेल्यांना हे सांगावं लागत नाही, कुहिलीच सांगते.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, ड्रोन, तिन्ही नकोत. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा, डोहात उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख चिमटीत न धरता लगेच खरवडून काढावेत.

आता आपली खास इंदुरी चूक: नदीकाठी गोवऱ्या पेटवून दाल-बाफले (बाफले म्हणजे भाजलेले कणकेचे गोळे). चव न्यारी, कबूल. पण फाल्गुनात गुडघाभर वाळला पाचोळा असतो आणि एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात आग लावणं हा 1927च्या वन कायद्याखाली गुन्हाही आहे. बाफले घरून करून न्या, तुपात बुडवलेले असले की दुपारपर्यंत उत्तम राहतात.

कालाकुंड स्टेशनच्या बाजूने जाणार असाल तर पाताळपाणी-कालाकुंड हेरिटेज रेल्वेगाडीच्या भरवशावर परतीचा बेत ठरवू नका, ती रोज नसते, आधी विचारून घ्या. आणि सोपं पडतं म्हणून रुळांवरून, बोगद्यातून चालत येणं नको. होळकरांच्या काळातली ती लाइन देखणी आहे, पण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महूच्या बाजूला लष्कराची गोळीबाराच्या सरावाची रेंज आहे, लाल झेंडा दिसला की तिथूनच मागे वळा.

तारीख ठरवताना रंगपंचमी तेवढी पाहा. त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, त्या भागात राहणाऱ्यांनी गाडी आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवावी.