पोट बिघडलेल्या पिल्लाला काय खायला द्यावे आणि किती

कुत्र्याच्या पिल्लाचे पोट बिघडले की घरातली माणसे बहुधा दोनपैकी एक टोक गाठतात. कोणी पोटाला आराम मिळावा म्हणून त्याला दिवसभर उपाशी ठेवते, तर कोणी ते अशक्त झाले म्हणून सारखे काही ना काही पुढे करत राहते. मोठ्या कुत्र्याचे जेवण अर्धा-एक दिवस थांबवण्याची रीत जुनी आहे, परंतु ती पिल्लाला लावू नये. कारण त्याच्या शरीरात साखरेचा साठा फार थोडा असतो आणि पोट बरेच तास रिकामे राहिले, की रक्तातील साखर उतरून ते मलूल होते, लटपटू लागते आणि प्रसंगी त्याला झटकेही येतात. छोट्या जातींच्या आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लांना हा धोका सर्वाधिक असतो.

मात्र काही शिजवायला घेण्याआधी हे दुखणे घरी सांभाळण्याजोगे आहे की नाही, हे ठरवावे लागते. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात टिकत नसेल, शीमध्ये रक्त दिसत असेल, पोट फुगले असेल, पिल्लाने एखादी वस्तू गिळल्याची शंका असेल किंवा ते नुसते पडून राहत असेल, तर वेळ न दवडता पशुवैद्याकडे जावे. लसीकरण पूर्ण झालेले नसेल तर थोड्याशा जुलाबांकडेही दुर्लक्ष करू नये, कारण पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची सुरुवात अशीच साधी दिसू शकते आणि तो आजार उपचाराविना थोड्याच दिवसांत जीव घेतो. अंगातले पाणी किती कमी झाले आहे याचा अंदाज हिरड्यांवरून येतो: निरोगी पिल्लाची हिरडी ओलसर असते, आणि ती बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी कोरडी, चिकट किंवा फिकी लागली तर घरगुती उपायांची वेळ टळली आहे असे समजावे.

पिल्लू खेळते आहे, लस झालेली आहे आणि एक-दोनदाच पातळ शी झाली आहे, अशा वेळी घरी काळजी घेता येते. उलटी झाली असेल तर दोन-तीन तास अन्न देऊ नये, पण पाणी बंद करू नये. भांडे भरून समोर ठेवल्यास तहानलेले पिल्लू ते घटाघटा पिते आणि सगळे उलटून टाकते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी एक-दोन चमचेच पाणी द्यावे.

त्यानंतरचे अन्न अगदी बेचव असावे. कातडी व हाडे काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात शिजवून, तिचे बारीक तुकडे करून, दुप्पट मऊ भातात कालवावेत. मीठ, तेल, तूप, मसाला यांपैकी काहीही घालू नये. कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, त्यामुळे ते टाळावेतच. तयार सूपच्या पुडीतही ते असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हलके म्हणून दूध देण्याचा मोह होतो, पण आईचे दूध सुटलेल्या पिल्लाला त्यातील शर्करा नीट पचत नाही आणि जुलाब वाढतात.

पहिल्या वेळी हे अन्न कोमट करून एक-दोन चमचेच द्यावे आणि तासाभराने पाहावे. उलटी झाली नाही तर दिवसभराचे अन्न पाच-सहा वेळांत विभागावे, आणि भूक लागलेली दिसली तरी एका वेळची वाटी भरून देऊ नये. माझ्या मते सर्वांत जास्त चूक इथेच होते: पिल्लू शेपूट हलवू लागले की माणसांना ते बरे झाल्यासारखे वाटते, आतडे मात्र अजून नाजूकच असते. पिल्लाने स्वतःहून खाल्ले नाही तर तोंडात कोंबू नये. काही तास ते खातच नसेल तर डॉक्टरांना कळवावे.

शी घट्ट होऊ लागली की नेहमीच्या खाद्याकडे परतावे, कारण भात-कोंबडीत वाढत्या हाडांना लागणारे कॅल्शियम जवळजवळ नसते आणि हा आहार दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवणे योग्य नाही. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा नेहमीचे खाद्य, मग निम्मे, मग पाऊण, असे चार-पाच दिवसांत पूर्ण करावे, आणि शी पुन्हा पातळ झाली तर एक पायरी मागे यावे.

माणसांची औषधे अजिबात देऊ नयेत. वेदनाशामक आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते, तर जुलाब थांबवणारे लोपेरामाइड कोलीसारख्या काही जातींच्या थेट मेंदूवर परिणाम करते.

दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा बरे होऊन पुन्हा पोट बिघडले, तर जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) यांची तपासणी करून घ्यावी. जाताना स्वच्छ डबीत ताजी शी आणि आधी कोणते खाद्य व जंतांचे औषध कधी दिले याची नोंद सोबत न्यावी.