लॅबचा कचरा : नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या लॅबवाल्यांनो, या चुका टाळा

महापेतल्या एका लॅबचं स्टोअर सांभाळत असताना एका सकाळी फ्यूम हूडमधला (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या, काचेच्या दाराच्या कपाटातला) वेस्टचा कॅन टरटरून फुगलेला दिसला. आदल्या संध्याकाळी कुणीतरी उरलेलं नायट्रिक ॲसिड मिथेनॉलच्या कॅनमध्ये ओतलं होतं, वर झाकण घट्ट लावून घरी. या दोघांची क्रिया कधी कधी तासाभरानं सुरू होते, म्हणून ओतणाऱ्याला काही कळत नाही. असा कॅन दिसला तर झाकण सैल करायला जाऊ नका. हूडची काच खाली, सगळे बाहेर, आणि सेफ्टीवाल्यांना फोन.

‘सगळं वेस्टच तर आहे’ म्हणून एकाच कॅनमध्ये ओतणं, ही सगळ्यात महागडी चूक. ॲसिड वेगळं, क्लोरोफॉर्म-डीसीएमसारखी क्लोरीनवाली सॉल्व्हंट वेगळी, बाकीची वेगळी. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही. लेबल मार्करनं लिहाल तर इथेनॉलच्या एका थेंबात ते पुसलं जातं. साधी पेन्सिल टिकते. बिननावाचा कॅन घ्यायला तळोज्याच्या घातक कचरा केंद्राची गाडी तयार होत नाही, मग तपासणीचा खर्च आपल्याच माथी.

सिंकमध्ये ओतून मोकळं होणारेही आहेत. टीटीसी, म्हणजे आपल्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं, आणि तिथलं काम जिवाणू करतात. सॉल्व्हंटनं तेच मरतात. पुढे ठाण्याची खाडी. २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेलं फ्लेमिंगो अभयारण्य तिथेच आहे.

जैविक कचऱ्यात गोंधळ उलटा. भीतीपोटी सगळंच पिवळ्या पिशवीत. पिवळी पिशवी जाळायला जाते. वापरलेले ग्लोव्हज, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीच्या. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. (पिवळ्या पिशवीत मला एकदा वडापावचा कागदही सापडलाय. लॅबमध्ये वडापाव आला कसा, ते विचारू नका.) ब्लीच घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या यंत्रात) ठेवू नका, क्लोरीन सुटतो.

२०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. बरेच जण कॅन भरल्यापासून दिवस मोजतात. पहिला थेंब पडला ती तारीख लिहा, म्हणजे वाद नको.

पण माझं खरं भांडण खरेदीशी आहे. लागतं ५०० मिली, मागवतात अडीच लिटर, का तर ‘मोठी बाटली स्वस्त पडते’. उरलेलं दोन वर्षांनी वेस्ट म्हणून जातं, आणि तेव्हा विल्हेवाटीचे पैसे वजनावर मोजावे लागतात. इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) सही करण्याआधी शेजारच्या लॅबचं कपाट उघडून बघा, निम्म्या वेळा तिथे तीच बाटली असते. ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) ही सॉल्व्हंट तर छोट्याच बाटलीत घ्या, उघडल्याची तारीख लिहा. हवा लागून त्यात पेरॉक्साइड बनतं, आणि ते स्फोटक असतं. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तर ती उचलूनसुद्धा बघू नका.