डिझायनर बॅगची रिसेल व्हॅल्यू कशी ताडून बघायची

ब्रँड विरुद्ध ब्रँड असं बघूच नका. शनेल घ्यावी की लुई व्हिताँ, याचं उत्तर मॉडेलवर असतं, कारण एकाच ब्रँडची क्लासिक फ्लॅप (शनेलची वर्षानुवर्षं चालत आलेली, झाकणाची बॅग) आणि एका सीझनपुरती आलेली फॅन्सी बॅग यांच्या भावात जमीनअस्मानाचा फरक पडतो. म्हणून आधी मॉडेल, साइज, लेदर, रंग, हार्डवेअर सोनेरी की चंदेरी, हे सगळं लिहून काढा आणि दोन्ही बॅगा साधारण सारख्याच वयाच्या नि सारख्याच कंडिशनच्या धरा.

मग भाव बघा, पण विकल्या गेलेल्या बॅगांचे. व्हेस्टिएर कलेक्टिव्ह किंवा द रियलरियल या जुन्या बॅगा विकणाऱ्या साइट्सवर लिस्टिंगला दिसतो तो फक्त मागितलेला भाव, आणि न विकली जाणारी बॅग तिथे महिनोन्महिने तशीच पडून असते. सदबीज, क्रिस्टीज या लिलाव कंपन्यांचे निकाल सगळ्यांना बघता येतात, फक्त त्या आकड्यात खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे घेणारा लिलाव कंपनीला वरून देतो ती फी, धरलेलं असतं, ते विकणाऱ्याला मिळत नाही. एर्मेसची बर्किन बॅग जिच्या नावावरून आली त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची स्वतःची पहिली बर्किन 2025 मध्ये पॅरिसला सुमारे 86 लाख युरोला गेली, असले भाव तर हिशोबात धरूच नका.

आता खरा हिशोब. समजा बॅग 1 लाखाला घेतली, 75 हजाराला विकली आणि विकून देणाऱ्या साइटचं कमिशन 20 टक्के, तर हातात आले 60 हजार, म्हणजे 60 टक्के. पण हे टक्के कशाचे काढायचे? इथे फार गल्लत होते. शनेलच्या मीडियम साइजच्या क्लासिक फ्लॅपची नवी किंमत अमेरिकेत 2016 ला 4,900 डॉलर होती, 2024 ला 10,800. जुन्या किमतीवर काढलं तर बॅग सोन्यासारखी वाटते, आजच्या किमतीवर काढलं तर तेवढी नाही. तुम्ही आज नवी घेणार असाल तर आजचीच किंमत धरा, आणि करन्सीही एकच ठेवा.

शेवटी कारण तपासा. बर्किन दुकानात मागितली की लगेच मिळत नाही म्हणून बाहेर महाग जाते. लुई व्हिताँ सेल लावत नाही, त्यामुळे त्यांच्या स्पीडी, नेव्हरफुल या मॉडेल्सचे भाव बऱ्यापैकी टिकतात, उलट कोच किंवा मायकल कोर्सची नवी बॅगच आउटलेटमध्ये स्वस्तात मिळते, मग जुनीला कोण जास्त देणार? कोपरे घासलेत का, हँडल काळवंडलंय का, डस्टबॅग (बॅगेसोबत येणारी कापडी पिशवी) आणि बिल आहे का, हे दोन्ही बॅगांचं सारखंच धरून मगच आकडे शेजारी शेजारी मांडा.